पाकीट परत केलं, पण मन अजून हिशेब करतंय

स्टोअरवाला_अंबड (धागाकर्ता)

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअर बघतो, चौदा वर्षं झाली. लेथवरून निघणारं टर्निंग, म्हणजे धातूचा कीस, आमच्याकडून दर आठवड्याला भंगारात जातं. गाडी रिकामी आली की आधी काट्यावर चढते, मग भरते, पुन्हा चढते. भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा केलं की माल किती गेला ते कळतं. दोन्ही वेळा काट्यापाशी उभं राहून स्लिपवर सही करायची, हे माझं काम.

तीन आठवड्यांपूर्वी भंगारवाल्याच्या माणसाने माझ्या डब्याच्या पिशवीत एक पाकीट सरकवलं. "पोरीची फी भरायची आहे ना, राहू द्या." पाचशेच्या दहा नोटा. मुलगी नर्सिंगला आहे, दुसरा हप्ता थकला होता, आणि हे मीच त्याच्याशी चहा पिताना बोलून बसलो होतो. मी पाकीट घेतलं नाही असं म्हणता येणार नाही. पिशवीची चेन लावली आणि घरी आलो.

नऊ दिवस ते कपाटात गरम कपड्यांच्या खाली होतं. बायकोला सांगितलं नाही. घरची प्रार्थना रोज होत होती, आणि प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत "आम्हांला परीक्षेत आणू नको" इथे आलं की माझा आवाज बसायचा. एके रात्री मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही ती ओळ गाळता." तिच्या लक्षात आलं होतं. दहाव्या दिवशी पाकीट जसंच्या तसं त्या माणसाला परत दिलं. तो म्हणाला, "काही हरकत नाही साहेब, लागलं तर सांगा."

हे चर्चच्या मंडळीत सांगितलं तर मला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने मला कसं सावरलं ते सगळ्यांपुढे सांगायला, उभं करतील. पण आतून तसं काही वाटत नाही. रोज रात्री हिशेब चालतो. महिन्याला पाच, वर्षाला साठ, म्हणजे पोरीचं शिक्षण निघालं असतं. मोहाला नाही म्हटल्यावर मोह जायला हवा ना? "जे माझा आदर करतात त्यांचा मी आदर करीन" हे वचन शब्बाथ शाळेत पाठ केलेलं. मग मन शांत का नाही? माझ्या विश्वासातच काही कमी आहे का? जाणत्यांनी सांगावं.

शरणपूरची_मावशी

दादा, सलाम. मुलीने ती ओळ पकडली तिथे वाचताना डोळ्यांत पाणी आलं.

बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात, अरण्यात सैतानाने घेतलेली प्रभू येशूची परीक्षा संपते तिथलं शेवटचं वाक्य काढून बघा. सैतान निघून गेला, पण संधी मिळेपर्यंत. कायमचा गेला असं लिहिलेलं नाही. प्रभूचा पिच्छा त्याने सोडला नाही, तर तुमच्या उशाशी येऊन तो रात्री हिशेब मांडतो यात नवल कसलं? आणि चाळीस दिवसांच्या उपासानंतर प्रभूला भूक लागली होती, हेही शास्त्रात लपवलेलं नाही. लेकीच्या फीची काळजी ही तुमची भूक आहे. त्यावरून स्वतःला मारून घेऊ नका.

आता माझं सांगते. माझे मिस्टर सातपूरला कारखान्यात होते. दारू होती. पगार सात तारखेला, रोख, आणि गेटपासून घरापर्यंत वाटेत तीन दुकानं. सहा तारखेला रात्री रडून प्रार्थना करायचे, शपथ घ्यायचे, आणि सातला पिऊन यायचे. पाच वर्षं हेच चाललं. तेव्हाच्या आमच्या पाळकसाहेबांनी त्यांना शपथ घ्यायलाच मनाई केली. म्हणाले, तुझा तुझ्या शपथेवर फार भरवसा आहे, तो आधी सोड. आणि मला म्हणाले, बाई, सात तारखेला तू गेटवर जाऊन उभी राहा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गेले. पहिली पाळी साडेतीनला सुटायची, मी तीनपासून धाकट्याला कडेवर घेऊन उभी. ते बाहेर आले, पगाराचं पाकीट माझ्या हातात दिलं, आणि सायकल हातात धरून आम्ही मागच्या कॉलनीतून चालत घरी आलो. ती वाट मैलभर लांबची. त्या दिवशी ते वाटभर एक शब्द बोलले नाहीत. हात इतके थरथरत होते की सायकलची घंटा आपोआप किणकिण वाजत होती. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

सव्वादोन वर्षं मी गेटवर गेले. मग एकदा म्हणाले, आता तू येऊ नकोस, मी त्या लांबच्या वाटेने येईन. निवृत्त होईपर्यंत त्यांनी जवळची वाट धरली नाही. मला वाटायचं, आता एवढी वर्षं झाली, आता काय होतंय. ते म्हणायचे, मालकिणीने मोहात ओढलं तेव्हा योसेफ पोटीफरच्या घरातून अंगरखा टाकून पळाला, परत अंगरखा आणायला गेला नाही.

तुम्ही नऊ दिवस एकट्याने काढलेत, त्यातलं अर्धं ओझं एकटेपणाचं आहे. वहिनींना सांगितलंत का अजून?

कॉलेजरोडचा_पोरगा

मावशी, तुमची पोस्ट तीनदा वाचली.

माझा विषय वेगळा आहे, पण मुळात तोच. मी धुळ्याकडचा, इथे रूम घेऊन शिकतो. रात्री साडेअकरानंतर हातात फोन आणि खोलीत मी एकटा. काय बघतो ते लिहायची गरज नाही. दर रविवारी उपासनेत ठरवतो आणि मंगळवारपर्यंत पुन्हा तेच. कोणाला सांगायची सोय नाही, कारण मी युवक संघात गिटार वाजवतो. सगळे म्हणतात किती चांगला मुलगा आहे. प्रभूभोजनाच्या वेळी भाकर-द्राक्षारस घ्यायला पुढे जाताना पाय उचलत नाहीत.

शरणपूरची_मावशी

बाळा, तू इथे लिहिलंस, म्हणजे गेटपर्यंत आलास. आता फोन रात्री दहाला खोलीबाहेर ठेवायचा. घरमालकांच्या हॉलमध्ये चार्जिंगला लाव, रूममेटच्या ताब्यात दे, काहीही कर, पण तुझ्या उशाशी नको. गजर लावायला साधं घड्याळ आण, शालिमारला मिळेल. आणि एका वडीलधाऱ्या माणसाला तोंडाने सांग. बायबलात याकोबाने आपल्या पत्राच्या शेवटी लिहिलंय, एकमेकांजवळ पापं कबूल करा. एकमेकांजवळ म्हटलंय, हे लक्षात घे. आणि प्रभूभोजनापासून दूर पळू नकोस.

ओझरचा_बागाईतदार

मी फार लिहिणारा माणूस नाही, पण धागाकर्त्यांनी ते आदर करण्याचं वचन काढलं म्हणून लिहितो.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत माझी दोन एकर थॉमसन द्राक्षं काढणीला आली होती. मण्यात साखर भरलेली. मध्येच चार दिवस ढगाळ हवा, घडांवर भुरी दिसायला लागली. फवारा मारावा लागला. औषधाच्या लेबलवर लिहिलेलं असतं, मारल्यावर किती दिवस माल तोडायचा नाही. ते दिवस भरायचे होते, आणि व्यापारी तिसऱ्याच दिवशी बागेत येऊन उभा. रोख देतो म्हणाला, उद्या गाडी लावतो. एक्सपोर्टच्या मालाची प्रयोगशाळेत तपासणी होते, तिथे लबाडी चालत नाही. पण लोकलला जाणाऱ्या मालाचं माझ्या बागेत कोणी कधी सॅम्पल घेतलेलं नाही. सोसायटीचं कर्ज, मजुरांचे पैसे, सगळं डोक्यावर. बायको म्हणाली, तो घड आपल्या नातवाच्या हातात द्याल का? त्यावर मला उत्तर सुचलं नाही. मी व्यापाऱ्याला नाही म्हटलं.

दिवस भरेपर्यंत भाव किलोमागे अकरा रुपये उतरला. वर एक पाऊस झाला आणि मणी तडकले. मी घाट्यात गेलो. त्या वर्षी मुलीचं लग्न पुढे ढकललं.

हे अशासाठी सांगतो की चर्चमध्ये साक्षी होतात तेव्हा शेवटी नेहमी देव दुप्पट देतो. मला दिलं नाही. कर्ज अजून फिटतंय. पण द्राक्षाच्या पेट्या जातात ना, त्या कुठे गेल्या असतील, कोणाच्या पोराने खाल्ल्या असतील, असा विचार करत मला कधी जागावं लागलं नाही. देवाने माझा आदर केला का ते मला सांगता येणार नाही. मी त्याचा केला एवढं मला ठाऊक आहे.

नाशिकरोडची_लेक

ओझरचे काका, तुमच्या मिसेसना माझा सलाम सांगा.

शास्त्रवाचक

मी पाळकाचा मुलगा. स्वतः पाळक नाही, पण शास्त्र रोज वाचतो. धागाकर्त्यांनी दिलेलं वचन जुन्या करारातलं, १ शमुवेल २:३० मधलं आहे. आपण ते कॅलेंडरवर छापतो, दाराच्या वर लावतो. ते मुळात कोणाला आणि कशावरून सांगितलं गेलं हे बघितलं तर अंगावर काटा येतो.

शिलोच्या मंदिरात एली याजक होता. हफनी आणि फिनहास हे त्याचे दोन मुलगे. लोक अर्पण आणायचे, मांस शिजत असायचं, आणि याजकाचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन यायचा. भांड्यात काटा खुपसायचा, जेवढं वर येईल तेवढं याजकाचं. पुढे तर चरबी जाळून देवाला देण्याआधीच कच्चं मांस मागायला लागले, दिलं नाही तर जबरदस्ती. म्हणजे हा सगळा प्रसंगच देवाच्या वाट्याचं काढून घेण्याचा आहे. त्याच प्रसंगात देवाचा माणूस येऊन म्हणतो, जे माझा आदर करतात त्यांचा मी आदर करीन.

आणि हे तो मुलांना सांगत नाही. म्हाताऱ्या एलीला सांगतो. एलीने स्वतः काटा कधी खुपसला नव्हता. त्याने मुलांना समज दिली होती, "बाळांनो, असं करू नका." पण थांबवलं नाही. पुढच्या अध्यायात देव शमुवेलाला तेच सांगतो: त्याला ठाऊक होतं, तरी त्याने त्यांना आवरलं नाही.

दादा, म्हणून एक विचारतो, राग मानू नका. भंगारवाला माणूस पाच हजार फुकट देत नाही. तो ते कशाचे देत होता?

पंचवटीकर

हा प्रश्न जरा जास्त होतोय असं नाही का वाटत? माणूस आधीच खचलेला आहे. त्याने पैसे परत केले. त्याचं कौतुक करायचं सोडून उलटतपासणी कशाला?

शास्त्रवाचक

कौतुक आहेच, मनापासून आहे. पण त्यांनीच विचारलंय की मन शांत का नाही. काटा पायात असताना वरून मलम लावून झोप येत नाही.

स्टोअरवाला_अंबड

दोन दिवस इथे आलो नाही. शास्त्रवाचक भाऊंचा प्रश्न वाचून फोन बंद करून ठेवला होता.

सांगतो. ती आयशर गाडी पूर्वी रिकामी काट्यावर चढायची तेव्हा वजन ४,३८० किलो यायचं. मला पाठ आहे, इतक्या वेळा लिहिलंय. दीड महिन्यापूर्वी ते ४,५६० यायला लागलं. पहिल्यांदा वाटलं, नवीन टायर असतील, डिझेल फुल असेल. मग मागच्या हौद्यात ताडपत्रीखाली निळा ड्रम दिसला, पाण्याने भरलेला. रिकामं वजन झालं की ड्रायव्हर गाडी मागच्या कंपाउंडला नेतो आणि "झाडांना पाणी घालतो" म्हणून तिथे ड्रम ओततो. नंतर माल भरतात. पाणी गेलं, पण स्लिपवर त्याचं वजन राहिलं. तेवढाच माल फुकट बाहेर जातो. खेपेला १८० किलो. मी पाहिलं आणि काही बोललो नाही. पाकीट तेव्हा आलेलंही नव्हतं. वाद नको, त्या माणसाचे वर कोणाशी संबंध असतील, आपण कशाला, एवढंच मनात होतं. अशा पाच खेपांवर माझी सही आहे. टर्निंगचा भाव तीस रुपये धरला तरी सत्तावीस हजार होतात.

पाकीट परत केल्यानंतरसुद्धा एक खेप गेली. ती त्या पाचातलीच.

म्हणजे मी रात्री हिशेब करत होतो तो फीचा नव्हताच. खरा हिशेब हा होता, आणि त्याच्यावर मी फीचा कागद झाकून ठेवला होता.

बायकोला आज सांगितलं. ती स्वयंपाकघरात उभी होती. गॅस बंद केला, बसली. पैशाबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "नऊ दिवस तुम्ही माझ्याशेजारी झोपत होता."

पंचवटीकर

दादा, आधीची माझी पोस्ट मागे घेतो.

पण आता एक व्यवहाराचं बोलू द्या, कारण इथे सगळे तुम्हाला पुढे ढकलतील आणि भोगायचं तुम्हाला आहे. चौदा वर्षांची नोकरी, मुलीचं शिक्षण, कदाचित घराचा हप्ता. साहेबांना जाऊन सगळं सांगितलंत तर पहिला संशय तुमच्यावरच. सह्या तुमच्या आहेत. प्रभूनेच म्हटलंय, सापांसारखे चतुर व्हा. पुढच्या खेपेपासून ड्रम उतरवायला लावा, गुपचूप बंद करा. नुकसान थांबेल आणि नोकरीही राहील. देवाला तुमचं कुटुंब रस्त्यावर आणायचं नाही.

जेलरोडचा_कॅथलिक

पंचवटीकर भाऊंची काळजी खरी आहे, तिला मी हलकं समजत नाही. त्याच वचनात पुढे "कबुतरांसारखे निरुपद्रवी" आहे, आणि ते अर्धं आपल्याला अडचणीचं वाटतं.

आमच्याकडे पापनिवेदन असतं. बऱ्याच लोकांना वाटतं, फादरसमोर गुडघे टेकले की पाटी कोरी. तरुणपणी मी मामाच्या दुकानातल्या गल्ल्यातून पैसे उचलायचो आणि दर महिन्याला ते फादरना सांगायचो. तिसऱ्यांदा फादर म्हणाले, देव तुला क्षमा करतो, पण मामाचे पैसे देवाच्या खिशात गेलेले नाहीत. मामाला दे. चर्चची शिकवण स्पष्ट आहे: अन्यायाने घेतलेलं ज्याचं त्याला परत करायचं. गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तर मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा सांगितलाय. जक्कया या जकातदाराने चौपट म्हटलं, आणि तेही प्रभूने मागितलं नसताना, घरात जेवायला आलेल्या प्रभूसमोर, आनंदाने.

दादांनी पाकीट परत केलं ते भंगारवाल्याला. त्याचं नुकसान झालेलंच नव्हतं. नुकसान झालं कारखान्याचं. मी मामाला सांगायला गेलो तेव्हा मामा आधीपासून ओळखून होता. त्याने मला दुकानातून काढलं. दोन वर्षं बोलला नाही. ही दोन वर्षं मी तुमच्यापासून लपवणार नाही.

सध्या ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे. या काळाच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे दरवर्षी अरण्यातल्या परीक्षेचंच शुभवर्तमान वाचतात, फक्त शुभवर्तमानकार बदलतो. यंदा ऐकताना मला पहिल्यांदा जाणवलं की प्रभू तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातून देतो. म्हणजे इस्राएल लोक अरण्यात जिथे जिथे घसरले, भाकरीवरून, देवाला कसोटीला लावण्यावरून, तिथलेच शब्द तो उचलतो. दुसरे जिथे पडले तिथे तो उभा राहतो. आपण ज्या ठिकाणी पडलो तिथे परत जाऊन उभं राहायला म्हणूनच बळ मिळतं, असं मला वाटतं.

शास्त्रवाचक

जेलरोडच्या भाऊंना पूर्ण सहमत. एक भाषेची गोष्ट जोडतो. ग्रीकमध्ये "परीक्षा" आणि "मोह" दोन्हीला एकच शब्द आहे. आपल्या मराठी बायबलात कुठे हा येतो, कुठे तो. याकोब सांगतो, देव कोणाला मोहात पाडत नाही, माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो. म्हणून काही लोकांना प्रभूच्या प्रार्थनेतली ती ओळ खटकते. इटलीतल्या कॅथलिक मंडळींनी २०२० साली मिस्साग्रंथात, म्हणजे उपासनेच्या पुस्तकात, ती ओळ बदलून "आम्हाला मोहात सोडून देऊ नकोस" अशा अर्थाची केली. आणि १ करिंथ १०:१३ मध्ये "निभावण्याचा उपाय" म्हणून जो शब्द येतो, त्याचा मूळ अर्थ बाहेर पडायची वाट. मावशींची लांबची वाट वाचली तेव्हा मला तोच शब्द आठवला.

शरणपूरची_मावशी

पंचवटीकर दादा, गुपचूप बंद करा म्हणालात. मी तुमच्याशी भांडत नाही, पण माझ्या घरात पाच वर्षं सगळं गुपचूपच चाललं होतं. गेटवर सगळ्यांच्या देखत उभी राहिले तेव्हा सुटलं.

आमच्या शरणपूरची एक गोष्ट सांगते, आजेसासूबाईंकडून आलेली, आणि पुढे मी वाचूनही पाहिली. आज शरणपूर रोड म्हणजे दुकानं आणि ट्रॅफिक, पण एकोणिसाव्या शतकात सीएमएस, म्हणजे चर्च मिशनरी सोसायटी, या मिशनने इथे ख्रिस्ती गाव वसवलं होतं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणून ठेवली, शिकवली, हातांना धंदे दिले. त्यातला एक जेकब वेनराइट. तो आफ्रिकेत फिरणारे स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या प्रवासात त्यांच्याबरोबर होता. १८७३ च्या मेमध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या एका खेड्यात वारले. आसपास एकही गोरा माणूस नाही, कोणी साहेब नाही, किनारा कित्येक महिन्यांच्या वाटेवर. बरोबरच्या माणसांनी ठरवलं असतं तर सामान वाटून घेऊन सगळे पांगले असते, आणि कोणाला कधी कळलं नसतं.

त्यांनी काय केलं, तर सगळ्यांना एकत्र बोलावलं, सगळ्यांच्या समोर पेट्या उघडल्या, आणि आमच्या नाशिकच्या शाळेत लिहायला शिकलेल्या जेकबला एकेक वस्तूची यादी करायला बसवलं. मग ते शरीर आणि ते सामान खांद्यावरून समुद्रापर्यंत आणलं. वाटेत आजारपणं, मरणं, सगळं सोसलं. पुढच्या वर्षी १८ एप्रिलला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत जेकब होता.

मला त्यातली यादी फार आवडते. अरण्यात, वहीच्या पानावर केलेली सामानाची यादी. दादा, तुम्ही स्टोअरवाले. तुमचं काम तेच आहे.

कॉलेजरोडचा_पोरगा

मावशी, फोन चार दिवस काकूंच्या हॉलमध्ये ठेवतोय. काल रात्री तीनदा उठलो आणि दारापर्यंत गेलो. हॉलचा दिवा लावला तर काकू उठतील म्हणून परत आलो. युवक संघाच्या दादांना शनिवारी भेटायला सांगितलंय. काय बोलायचं ते अजून ठरत नाही, पण भेटतोय. स्टोअरवाल्या काकांसाठी प्रार्थना करतो.

ओझरचा_बागाईतदार

पोरा, "मी पडतोय" एवढं म्हण. पुढचं ते विचारतील.

स्टोअरवाला_अंबड

सगळ्यांचे आभार मानायला शब्द कमी आहेत. पंचवटीकर भाऊ, तुमचेही. तुम्ही माझ्या घराचा विचार केलात. दोन रात्री मी तुमच्याच बाजूने होतो.

शुक्रवारी पाळी सुटल्यावर प्लांट हेडच्या केबिनबाहेर पंचवीस मिनिटं बसलो. दोनदा उठून जिन्यापर्यंत गेलो. बायको बाहेर गेटवर येऊन उभी होती, मी बोलावलं नव्हतं. मावशींची पोस्ट तिने वाचली होती. खिडकीतून ती दिसली आणि मी परत येऊन बसलो.

आत गेल्यावर पाठ करून आणलेलं काही आठवलं नाही. पाच खेपांच्या तारखा एका कागदावर लिहिल्या होत्या, तो समोर ठेवला. पाकिटाचं सांगितलं. नऊ दिवसांचं सांगितलं. सत्तावीस हजार आणि त्यावर पाचवा हिस्सा, म्हणजे बत्तीस हजार चारशे, पगारातून कापा म्हणालो. साहेबांनी चष्मा काढला, बराच वेळ कागदाकडे बघितलं आणि विचारलं, "हे तुम्ही मला आज का सांगताय?" मी म्हटलं, "सर, घरी प्रार्थनेत मला एक ओळ म्हणता येत नाही." ते ख्रिस्ती नाहीत. त्यांना काय कळलं मला माहीत नाही. "सोमवारची खेप नेहमीसारखी होऊ द्या, कोणाला काही बोलू नका," एवढं म्हणाले. मला ठेवणार की काढणार ते बोलले नाहीत.

सोमवारी सकाळी आठला गाडी येईल. सर्वांनी त्या वेळी माझी आठवण ठेवावी.

शरणपूरची_मावशी

पावणेआठपासून गुडघ्यांवर असेन, बाबा. वहिनींनाही माझा सलाम सांगा.

जेलरोडचा_कॅथलिक

सकाळच्या मिस्साला, म्हणजे उपासनेला, तुमच्यासाठी प्रार्थनेचा हेतू ठेवतो.

स्टोअरवाला_अंबड

सोमवार, दुपारची सुट्टी.

गाडी आठ दहाला आली. साहेब स्वतः काट्यापाशी येऊन उभे राहिले. मी हौद्यावर चढलो, ताडपत्री बाजूला केली, आणि ड्रायव्हरला म्हटलं, ड्रम इथेच ओत, मग वजन करू. तो माझ्याकडे बघत राहिला. पोरगा आहे तो, माझ्या मुलीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. त्याने ड्रम कलंडवला. पाणी काट्याच्या प्लेटवरून वाहत बाहेर गेलं, आम्ही दोघं ते थांबेपर्यंत उभे होतो.

रिकामं वजन ४,३८०.

मी सही केली. नवी स्लिप आणि आधीच्या पाच, सहाही साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. त्यांनी अजून बोलावलेलं नाही. डबा उघडलाय, पण जेवण जात नाही. काल रात्री घरी ती ओळ मोठ्याने म्हटली, मुलगी माझ्याबरोबर म्हणाली.